प्रति: १६एस चाचणीत प्रजातीचे नाव का येत नाही?

१६एस या जनुकावरून जिवाणू ओळखणाऱ्या चाचणीच्या अहवालात नुसतेच 'लॅक्टोबॅसिलस' हे वंशाचे नाव आले, प्रजाती आलीच नाही, म्हणून चाचणी वाया गेली असे मूळ प्रश्नात म्हटले आहे. मला तसे वाटत नाही. १६एस जनुक साधारण १५०० डीएनए-अक्षरांचे असते आणि बहुतेक चाचण्या त्याचा एखादा तुकडाच वाचतात. लॅक्टोबॅसिलस म्हणून ओळखल्या गेलेल्या केसिआय, पॅराकेसिआय आणि ऱ्हॅम्नोसस या प्रजातींमध्ये हे जनुक ९८-९९ टक्क्यांहून अधिक जुळते. मग तेवढ्या तुकड्यावरून नाव सांगायचे कसे? शहाण्या प्रयोगशाळेने वंशापाशी थांबावे हेच प्रामाणिक.

प्रजाती हवीच असेल तर फेएस, ग्रोईएल यांसारखी वेगाने बदलणारी जनुके पाहतात, किंवा सरळ पूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचतात. दोन जीनोम सरासरी ९५-९६ टक्के जुळले तर प्रजाती एक मानतात. याच संपूर्ण जीनोमच्या तुलनेवरून २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस वंशाची विभागणी होऊन २५ वंश झाले. त्यामुळे जुन्या-नव्या अहवालांतली नावे ताडताना जपून!

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या आतड्यातल्या जिवाणूचे उदाहरण. त्याच्या इन्फँटिस या उपप्रजातीकडे आईच्या दुधातल्या खास शर्करा पचवणाऱ्या जनुकांचा मोठा संच असतो. लाँगम उपप्रजातीकडे सहसा तो नसतो. तान्ह्या बाळासाठी हा फरक मोठा आहे, आणि १६एसला तो नीट दिसत नाही. तिथे त्या संचातलीच जनुके पीसीआरने (ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधण्याच्या पद्धतीने) शोधावी लागतात.

आणखी एक: पीसीआरला मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही सापडतो. प्रोबायोटिक कॅप्सूलमधले जिवाणू जिवंत आहेत का, हे पाहायला ते वाढवून मोजणे हीच आजही नेहमीची पद्धत आहे.