जुनी झेन, ब्रेकचं पेडल पार खाली जातंय, मास्टर सिलिंडर बदलू का?

मुलुंडचा_झेनवाला:
नमस्कार मंडळी. गाडी मारुती झेन, २००४ ची, पेट्रोल प्लस सीएनजी किट. बाबांची गाडी म्हणून विकवत नाही, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगसुद्धा करून घेतलंय. पावसाळाभर बिल्डिंगखाली उभीच होती, आता गणपतीत बाहेर काढली तर ब्रेक जवळजवळ मॅटपर्यंत जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर येतो आणि बऱ्यापैकी लागतो. जेव्हीएलआरला पवईच्या उतारावर बेस्टच्या बसच्या मागे अशी काही थांबली की बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ब्रेक ऑइल डबीवरच्या मिन खुणेच्या जरासं वर आहे. गॅरेजवाला नुसतं पेडल दाबून म्हणाला मास्टर (पेडलच्या जोराने तेल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) गेला, आख्खी असेंब्ली टाका, एक चाक खोलून बघितलं नाही. पुढचे पॅड तसे नवेच आहेत. टाकू का मास्टर?

काळे_हात:
थांबा हो, इतक्यात खर्च नका करू. मास्टर आतून गेला असेल तर पेडल वेगळं वागतं. इंजिन चालू ठेवा, पेडल एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. पाय हळूहळू खाली सरकत चाललाय आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टरमधले वायसर, म्हणजे रबरी सील, तेल पलीकडे सोडतायत. तुमचं पेडल दुसऱ्या दाबाला वर येतंय म्हणजे एक तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) आणि ड्रममधली गॅप वाढलीय, पहिला दाब सगळा ती गॅप भरण्यातच जातो. हवा असेल तर वर आलेलं पेडलसुद्धा स्पंजासारखं दबतं, गॅप असेल तर वर आल्यावर टणक लागतं.

आता फुकटातली टेस्ट. गाडी सपाटीला लावा, हँडब्रेक पूर्ण खेचा आणि मग ब्रेक दाबा. पहिल्याच दाबाला पेडल वर मिळालं तर विषय मागच्या लायनरचा, कारण हँडब्रेकने लायनर आधीच ड्रमला टेकलेत. झेनला मागे ही गॅप आपोआप भरून काढणारे ऑटो अ‍ॅडजस्टर असतात पण गाडी महिनोन्‌महिने दमटात उभी राहिली की त्यांचे दाते गंजून जाम होतात, मग कसले ऑटो. हँडब्रेक किती वर येतो तुमचा?

पार्ल्याची_पोरगी:
सीएनजी किट आहे म्हणून कोणीतरी बूस्टरच्या (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम पाइपचं नाव घेईलच, म्हणून आधीच सांगते, बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, खाली जात नाही. तरी बघायचं असेल तर इंजिन बंद करून चार-पाच वेळा पंप करा, पाय दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा, पेडल किंचित खाली बसलं की बूस्टर ठीक. आणि ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? हवेतला दमटपणा ते शोषून घेतं, त्यात आपली मुंबई. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ डिग्रीच्या वर उकळतं, पाणी धरलं की १४० च्या आसपासच. खंडाळ्याच्या घाटात उतरताना मग आत वाफ होते आणि पेडल गायब. कपाटात उघडून ठेवलेली अर्धी बाटली अजिबात वापरू नका.

ठाणेकर_भाऊ:
एवढं कशाला, पोराला सीटवर बसवा, पंप मार सांगा आणि चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा, झालं काम.

काळे_हात:
@ठाणेकर_भाऊ, हवा काढायला हरकत नाही पण जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारू देऊ नका. मास्टरमधला पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढे गंज आणि गाळ असतो, त्यावरून वायसर घासले की धडधाकट मास्टर त्याच दिवशी जातो आणि आपण म्हणतो बघा, मास्टरच होता. पेडलखाली लाकडाची फळी ठेवा. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडे ते मागचं डावं. हवा काढायचं निप्पल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर पान्यात तुटून येतं.

मुलुंडचा_झेनवाला:
काका, टेस्ट केली. पाय दाबून धरला तर पेडल अजिबात सरकत नाही. हँडब्रेक खेचल्यावर पहिल्या दाबालाच वर! म्हणजे मास्टर ठीक आहे. मग शेजारच्या दादांना घेऊन मागचं डावं चाक काढलं. ड्रम निघेना, हातोडीने चारी बाजूंनी ठोकून काढला. लायनर पार झिजलेत, अ‍ॅडजस्टर हलतच नाही, आणि लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर स्क्रूड्रायव्हरने उचललं तर आतून तेल ओघळलं, खालचा लायनर पण ओला. लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून चालतील का?

काळे_हात:
नाही. तेल प्यायलेला लायनर धुतला तरी गरम झाला की परत तेल सोडतो, गाडी एका बाजूला खेचणार. लायनर दोन्ही बाजूंचे बदला, सिलिंडर पण दोन्ही, उजवा आज कोरडा दिसला तरी वय तेवढंच आहे त्याचं. कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला सगळं मिळेल, फक्त पॅकिंगवरचं सील बघून घ्या, डुप्लिकेट खूप आहे. ड्रमला आतून खाच पडलीय का बघा, जास्तीत जास्त व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्याच्या पुढे टर्निंग (लेथवर आतून घासणं) करायचं नाही. आतली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. सिलिंडर खोलला की लाइनमध्ये हवा शिरणारच, तेव्हा ऑइलही पूर्ण नवं भरा. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उचलतं ते.

मुलुंडचा_झेनवाला:
ओके काका, रविवारी जातो कुर्ल्याला. हँडब्रेकची केबल आत्ताच टाइट करून ठेवू का?

काळे_हात:
शेवटी. आधी अ‍ॅडजस्टर सोडवून लायनर सेट करा, केबल आधी ताणली तर अ‍ॅडजस्टर काम करणार नाही आणि पेडल पुन्हा खाली. आणि पहिली ट्रायल सोसायटीच्या आतच घ्या, जेव्हीएलआरला नको.