देवबाग-तारकर्लीची वाट नेमकी कोणी लावली?

दर्यावर्दी_मालवण
काल एका ठाणेकर साहेबांनी आमच्या मालवणजवळच्या किनारी गावांबद्दल लिहिलं, "तारकर्ली-देवबागचा गोवा झाला, गावकऱ्यांनी पैशापायी कोकण विकलं." वाचून डोकं फिरलं. साहेब, २००१ला सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ला ८,४९,६५१. देशभर माणसं वाढत होती, आमच्याकडे घटली. १९९७ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तिच्यातच बसून पोरं मुंबईला गेली. जी उरली ती स्कूबाच्या होड्या चालवतात, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. तुम्हाला गणपतीत चित्रातलं कोकण दिसावं म्हणून त्यांनी उपाशी बसायचं?

ठाण्याचा_मालवणी
उपाशी बसा कोण म्हणालं? देवबाग म्हणजे एकीकडे कर्ली खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर सांडपाण्याचे किती शोषखड्डे मारणार? मे महिन्यात मामाच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवेना.

रापणकर
पाण्याचा काय घेवन बसलास! पाण्यातलो मासोच संपलो. रात्री एलईडीचे दिवे लावून मोठी घेरजाळी टाकणारे पर्ससीनवाले सगळा ओढून नेतत. २०१६ला सरकारान निर्बंध घातले, ते कागदार. किनाऱ्यावरसून ओढूच्या आमच्या रापणीक गावता काय? जेलीफिश.

दर्यावर्दी_मालवण
विहिरीचं मान्य. सांडपाण्याची सोय हवीच. पण ती करायला जागा कोण देणार? तुम्ही?

काजूबागवाली
आता आलात मुद्द्यावर. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं. निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद नाही. मागच्या परड्यात दोन खोल्या बांधायच्या तर बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. बोरिवलीचे काका म्हणतात, "घर आहे तसंच राहू दे गो, आठवणी आहेत." पावसाळ्याआधी कौलं मात्र आम्ही चाळायची!

ठाण्याचा_मालवणी
सही देऊन बघितली, ताई. बाबांनी विश्वासाने मुखत्यारपत्र दिलं, चुलत्याने हायवेलगतचा तुकडा परस्पर दलालाच्या घशात घातला. आज दिवाणी कोर्टात तारखा मोजतोय. आणि आम्हीच खलनायक?

काजूबागवाली
तुमच्या चुलत्याचा राग आमच्यावर का? मुखत्यारपत्र नको म्हणूनच वाटप करा म्हणते. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडे होतं. पण राजी व्हायला आधी फोन उचलावा लागतो.

रापणकर
सातबाऱ्यार भांडत बसा. समुद्राचो सातबारो कोणाच्या नावार आसा ता पण सांगा.

दर्यावर्दी_मालवण
धागा माझा, विषय पर्यटनाचा. कोणाला आठवतंय का?

ठाण्याचा_मालवणी
नाही. ताई, तुमचे काका चुकतात, झालं समाधान? आमच्या घरातही वाटपाला मी तयार आहे. पण मोजणी होऊन हद्दीचे दगड पडल्याशिवाय सही नाही.

काजूबागवाली
उपकार झाले. मोजणीची फी कोण भरणार, तेही लिहून ठेवा.