मदत हवी आहे: चौथीतल्या मुलांना वाचता येत नाही आणि हाताशी वेळ फक्त द्राक्षहंगामापुरता

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला एका मळ्यात आम्ही तिघीचौघी मिळून संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. मुलं बागेतल्या मजुरांची. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची ही कुटुंबं भात-नागली आवरली की दिवाळीनंतर इकडे उतरतात आणि होळीला गावी परततात. काहींची नावं इथल्या शाळेत घातली आहेत, काहींचं नाव गावाकडच्या पटावर आणि पोर इथे झापात, म्हणजे मळ्यावरच्या झोपडीत.

अडचण अशी की तिसरी-चौथीतली बरीच मुलं फळ्यावरचं सुरेख उतरवून घेतात, पण त्यावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंस?’ विचारलं की गप्प. एक मुलगी पुस्तकातली कविता घडाघडा ‘वाचते’. त्यातलाच ‘पाऊस’ हा शब्द कोऱ्या कागदावर लिहून दिला, तर प… प… करत माझ्या तोंडाकडे बघत बसली. कविता पाठ होती, एवढंच. हीच मुलगी घरचा आठवड्याचा हिशेब तोंडी करते: मजुरी किती झाली, उचल किती वळती झाली, हातात किती आले. वहीत मात्र तीनशे सात म्हणजे ३००७. तिला ‘ढ’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिचा हा हिशेब ऐकावा.

हे फक्त आमच्या मळ्यावर नाही, कल्पना आहे. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. आमच्याकडे तर वर्षातून दोनदा गाव बदलणारी मुलं.

पेच गृहपाठाचा आहे. आया म्हणतात, “बाई, शाळेचा अभ्यास करून घ्या, नाहीतर सर ओरडतात.” मग आमचा सगळा वेळ उतरवून काढण्यातच जातो. तो सोडून मुळापासून वाचन घ्यावं, तर वर्गात मूल आणखी मागे पडेल का? आणि होळीपर्यंतच्या वेळात मुळापासून घेणं जमतं तरी का? प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी सांगावं. ‘पालकांमध्ये जागृती करा’ हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद (जि. प. शिक्षक, सुरगाणा तालुका)

ताई, तुमच्याकडे येणारी काही पोरं आमच्याच पटावरची असणार! दिवाळीनंतर आमचे वर्ग निम्मे होतात.

आधी इयत्ता विसरा. एकेका मुलाला बाजूला घेऊन बघा: अक्षर येतं, शब्द येतो, सोपा परिच्छेद येतो की अख्खी गोष्ट? ‘असर’चा मराठी चाचणी-कागद त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यावरून गट पाडा. दुसरीतलं आणि चौथीतलं पोर एका गटात बसलं तरी बसू द्या. मूल पुढे सरकलं की लगेच गट बदला, हंगाम संपायची वाट बघू नका.

वेळेचं म्हणाल तर ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची ही पद्धत थोड्या दिवसांसाठीही चालते. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत दहा-दहा, वीस-वीस दिवसांची शिबिरं घेतली, सगळी मिळून पन्नासेक दिवस, आणि वाचनात चांगलाच फरक पडला. तो अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा होळीपर्यंतचा वेळ कमी समजू नका. फक्त रोज बसा. आठवड्यातून दोनदा करून काही हाती लागत नाही.

आता खरी गोम. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी असते. मी मुलाला म्हणतो, काल बागेत काय झालं ते तुझ्या बोलीत सांग. तो सांगतो तसंच्या तसं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवतो आणि तेच त्याला वाचायला लावतो. आपलंच बोलणं आहे म्हटल्यावर पोर शब्दाचा अंदाज बांधतं आणि मग अक्षराशी ताडून बघतं. त्यातूनच अक्षरं पक्की होतात. अख्खी बाराखडी संपेपर्यंत गोष्ट थांबवून ठेवू नका.

३००७ साठी खोट्या नोटा करा, शंभराच्या आणि दहाच्या, सोबत सुटे रुपये. शतक, दशक, एकक असे तीन रकाने आखा. शंभराच्या तीन नोटा, मधला रकाना रिकामा, सात रुपये. रिकाम्या रकान्यात शून्य. हिशेब त्या मुलीला येतोच आहे, तो फक्त कागदावर उतरायचा आहे.

गृहपाठाला शेवटची दहा मिनिटं द्या, आणि इथल्या सरांना जाऊन भेटा. बहुतेक जण ऐकतात. आम्हालाही अभ्यासक्रम संपवायची घाई वरूनच असते.

प्रतिसाद

सरांचं सगळं मान्य, पण शाळेला मोकळं सोडू नका. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या मुलाला बरोबरीने आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावाकडच्या शाळेतून निघतानाच शिक्षण हमी कार्ड (गाव सोडणाऱ्या मुलाने नव्या शाळेत दाखवायचं कार्ड) घ्यायला सांगा. नाव इथे लागलं की दुपारचा पोषण आहारही मिळतो, आणि झापावर राहणाऱ्या मुलासाठी ती लहान गोष्ट नाही. तुमचा वर्ग शाळेच्या जोडीला हवा, शाळेच्या ऐवजी नको.

प्रतिसाद

वाचायला साहित्य हवं असेल तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, छापून घेता येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कार्डाबद्दल काहीच माहीत नव्हतं, उद्याच आयांना विचारते.

सर, अजून दोन शंका. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येते, तो रडला की ही उठते. आणि एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे, तो अक्षरगटात बारक्यांसोबत बसायला तयार नाही.

प्रतिसाद (जि. प. शिक्षक, सुरगाणा तालुका)

बाळासाठी एक गोधडी आणि चार डबे-झाकणं ठेवा. तुमच्यातली एक जण आळीपाळीने त्याच्याकडे. पोरीला ‘भावाला घरी ठेवून ये’ म्हणालात तर तीच यायची बंद होईल. दिवसाचं विचाराल तर जवळच्या अंगणवाडीत बोलून बघा, बाहेरगावची मुलंही तिथे घेतात.

मोठ्याला नोटांचा मुकादम करा. वाटप त्याच्याकडे, जमाखर्च त्याने लिहायचा. कोणाला किती दिले हे लिहायला नावं लागतात, आणि नावांतून अक्षरं येतात. त्याचं वाचन वेगळं घ्या, बाकीचे गेल्यावर पंधरा मिनिटं.

धागाकर्ती

मुकादम आवडेल त्याला! चाचणीचा कागद काळ्या-पांढऱ्यात छापला तर चालेल ना?

प्रतिसाद (जि. प. शिक्षक, सुरगाणा तालुका)

चालेल. अक्षर मोठं ठेवा, झापात उजेड कमी असतो.