'ह्यूज पेज'ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर : लिनक्स कर्नलवर, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, मराठीत टिपणं लिहितोय, मराठी शाळेतून व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) इंजिनीअरिंगला गेलेल्या पोरांसाठी. मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे पाडतात, त्या पेजला 'पान' लिहून भागतंय, पण 'ह्यूज पेज'पाशी अडलोय. 'महापृष्ठ' फारच सरकारी वाटतंय. सुचवा की.

निपाणीकर : 'मोठं पान' म्हणा आणि सोडा. साधं पान 4 केबीचं, मोठं 2 एमबीचं, 1 जीबीचंही मिळतंय. आमच्याकडं पान म्हटलं की आधी तंबाखूचं आठवतं, तरी संदर्भानं कळतंच की.

खानापूरकर : 'मोठं'मध्ये अर्धाच अर्थ येतो. खरी अट सलगपणाची. 2 एमबीचं पान म्हणजे रॅममध्ये एकाला एक लागून असलेल्या 512 साध्या पानांची जागा, आणि तिची सुरुवातही 2 एमबीच्या हद्दीवरच हवी. इकडं-तिकडं विखुरलेली 512 पानं मोकळी असून उपयोग नाही. हा खटाटोप नोंदी वाचवायला. 8 जीबी मेमरी साध्या पानांनी मांडली तर पेज टेबलात, म्हणजे कुठलं पान रॅममध्ये कुठं आहे त्या यादीत, 20,97,152 नोंदी होतात, मोठ्या पानांनी 4,096. प्रोसेसरच्या टीएलबीत (या नोंदी हाताशी ठेवायच्या छोट्या साठ्यात) त्यातल्या मावतात जेमतेम हजार-दोन हजार. शेतजमिनीचेच शब्द घ्या ना! सलग रान, उताऱ्यावर नोंद एक. मी 'सलग पान' म्हणेन.

टिळकवाडीकर : आवडलं. मग कॉम्पॅक्शनला 'तुकडेजोड' चालेल? मुंबई प्रांताचा 1947 चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा होता. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यातच, त्यामुळं आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द असायचा.

खानापूरकर : शब्द झकास, पण दुसरीकडं वापरा. कॉम्पॅक्शनमध्ये कर्नल झोनच्या (मेमरीच्या एका विभागाच्या) एका टोकाकडून वापरातली, हलवता येणारी पानं उचलतो आणि दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या जागांत नेऊन ठेवतो. पहिल्या टोकाकडं सलग मोकळी जागा तयार होते, एवढंच. ती 'आवराआवर'. तुकडेजोड करतो तो केह्यूजपेजडी नावाचा कर्नलचा धागा (थ्रेड). प्रोग्रामची विखुरलेली साधी पानं तो एका सलग पानात उतरवून घेतो आणि शेकडो नोंदींच्या जागी एकच नोंद घालतो. उलट, सलग पान पुन्हा फोडावं लागलं तर 'पोटहिस्से' हा शब्द तयारच आहे.

शहापूरकर : 'ट्रान्सपरंट ह्यूज पेज'चं काय करणार? 2011 मध्ये लिनक्स 2.6.38 बरोबर आलं ते. 'पारदर्शक' कृपा करून लिहू नका. पारदर्शक म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं समोर दिसतंय, आणि इथं तर कर्नल प्रोग्रामला पत्ता लागू न देता सलग पान द्यायचं काम उरकतो. आपल्याकडं त्याला 'परस्पर' म्हणतात. जमीन परस्पर विकली, तसं.

आणि हा फरक टिपणात पाहिजेच. आधीपासून बाजूला काढून ठेवलेली ती 'राखीव' सलग पानं, ओरॅकलसारख्या डेटाबेसला ती हवी असतात. परस्पर जोडलेली मात्र रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसचे लोक बंद ठेवायला सांगतात. कारण रेडिस डेटा डिस्कवर लिहायला फोर्क करतं, म्हणजे स्वतःची दुसरी प्रत चालू करतं, आणि त्यानंतर चार बाइट बदलले तरी जुन्या कर्नलवर (2020 च्या 5.8 आधीच्या) 2 एमबीचं अख्खं पान कॉपी व्हायचं. मग उत्तर यायला वेळ लागायचा.

टिळकवाडीकर : 'राखीव' आणि 'परस्पर', दोन्ही घेतले.

निपाणीकर : 'परस्पर सलग पानं' असं लिहिलंत तर पोरं 'एकमेकांना सलग' असं वाचतील बघा. 'परस्पर जोडलेलं'नंही तोच घोळ. 'आपसूक' बरं.

शहापूरकर : आपसूक कुठलं होतंय? कर्नल राबतोय की मागं!