माद्रिदला बाबांना बैलझुंज दाखवावी का?

कोरेगावकर:
मे महिन्यात आईबाबांना घेऊन स्पेनला चाललोय, माद्रिदला चार दिवस आहोत. बाबांनी उभी हयात खिलार सांभाळले. बेंदराला बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय आजही ताटाला हात लावत नाहीत. त्यांनी टीव्हीवर लाल फडकंवाला पाहिलाय आणि "तो बैल एकदा बघायचाच" म्हणून हटून बसलेत. खरंच मारतात का? नाही बघवलं तर मधूनच उठून येता येतं का? कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

वेंतासचा_शेजारी:
नऊ वर्षं माद्रिदला आहे, लास वेंतासच्या रिंगणापासून मेट्रोने दोन स्टेशनं. दोनदा गेलोय. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून परत आलो.

आधी एक सांगतो, तो बैल नव्हे, वळू. चार ते सहा वर्षांचा, मोठ्या रिंगणात किमान ४६० किलोचा. जू कधी मानेवर नाही, आणि कापड घेऊन समोर उभा राहिलेला माणूसही त्याने आधी पाहिलेला नसावा, अशी अट. आणि ही झुंजही नव्हे. इथले लोक नुसतं 'तोरोस', म्हणजे वळू, म्हणतात. कोण जिंकणार हा प्रश्नच नसतो. एका संध्याकाळी तीन मातादोर (वळूला मारणारे), प्रत्येकाला दोन वळू, एकेकाला वीसेक मिनिटं. सहाच्या सहा मरतात. खेळाच्या अध्यक्षाने नारिंगी रुमाल दाखवून जीवदान दिलं तरच वाचतो, आणि तसं फार क्वचित होतं.

लाल फडकं अगदी शेवटी येतं. सुरुवातीचं कापड मोठं, गुलाबी-पिवळं. वळू रंगाला नाही, हालचालीला धावतो. मग घोडेस्वार मानेमागच्या उंचवट्यात भाला खुपसतो (बाबा त्याला वशिंड म्हणतील, ते वशिंड नव्हे). घोड्याचे डोळे बांधलेले, अंगावर जाड गादी. ती गादी १९२८ साली सक्तीची झाली. त्याआधी घोडेही मरायचे. मग काटेरी टोकाच्या रंगीत काठ्यांच्या जोड्या पाठीत रोवतात. लाल कापड आणि तलवार त्यानंतर.

मला कळायला लागलं ते वळूकडे बघून नाही, लोकांकडे बघून. काम आवडलं तर पांढरे रुमाल हलतात, वळूचा कान मातादोरला द्या म्हणून. पहिला कान लोकांच्या मागणीवर, दुसरा अध्यक्षाच्या मर्जीवर. वेंतासचे प्रेक्षक खडूस म्हणून प्रसिद्ध, त्यातही सात नंबरचा विभाग. सेविल्याला काम रंगलं की बँड वाजतो, इथे त्या वेळी वाजत नाही.

मधूनच उठता येत नाही. वळू आत असेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, जायचं ते दोन वळूंच्या मधल्या वेळात. बसायला दगडी पायऱ्या, गुडघे पुढच्याच्या पाठीत. गादी भाड्याने मिळते, ती घ्याच. तिकीट सावलीतलं महाग, उन्हातलं स्वस्त. मे महिन्यात सान इसिद्रोचा उत्सव असतो, जवळजवळ रोज संध्याकाळी सात वाजता.

मी का उठलो? रक्तामुळे नाही. मेलेल्या वळूला खेचून न्यायला खेचरं येतात आणि त्यांच्या गळ्यात घुंगुरमाळा असतात. तिसऱ्या वळूच्या वेळी तो आवाज आला आणि मला आमच्या आजोळचा पोळा आठवला. बाहेर पडताना दारावरचा माणूस म्हणाला, "एवढ्यातच?"

मांडवीकाठ:
आमच्याकडे गोव्यात धिरयो असायची. भात कापून झालं की मोकळ्या शेतात दोन रेडे किंवा दोन बैल भिडायचे, पळाला तो हरला. नव्वदीच्या दशकात उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी चोरून चालतेच. लागायचं जनावरांना, नाही असं नाही. पण हरलेलाही संध्याकाळी आपल्या गोठ्यात असायचा. बाबांच्या डोक्यात बहुतेक हेच असणार.

डाळभात:
कशाला पैसे देताय असल्या क्रूरपणाला? बार्सिलोनाने बंद केलं, बरंच केलं.

वेंतासचा_शेजारी:
@डाळभात, बार्सिलोनात शेवटचे तोरोस सप्टेंबर २०११ मध्ये झाले. कातालोनियाची (बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याची) बंदी २०१६ ला घटनात्मक न्यायालयाने रद्द केली, पण तिथे परत कुणी भरवलेच नाहीत. देशाचा २०१३ चा कायदा याला सांस्कृतिक वारसा म्हणतो आणि २०२४ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयच त्याचा राष्ट्रीय पुरस्कार बंद करतं. माझ्या ऑफिसात हा विषय जेवताना कुणी काढत नाही.

@कोरेगावकर, झुंज नसेल तेव्हा वेंतासचं रिंगण आणि संग्रहालय आतून बघता येतं. 'रेकोर्तेस' हा प्रकारही चालेल: हत्यार नाही, पोरं नुसती वळूला हुलकावणी देतात, त्याच्यावरून उड्या मारतात.

कोरेगावकर:
सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "त्याला नाव असतं का?"

वेंतासचा_शेजारी:
असतं. आईवरून ठेवतात. आत सोडायच्या आधी पाटीवर नाव आणि वजन लिहून रिंगणात सगळ्यांना दाखवतात.

कोरेगावकर:
आईवरून, हे ऐकल्यावर म्हणाले झुंज राहू दे. गोठा दाखवतात का विचार.

वेंतासचा_शेजारी:
गोठा नसतो, मोकळं रान असतं, ओकची झाडं आणि दगडी कुंपणं. माद्रिदच्या उत्तरेला कोल्मेनार व्हिएहोकडे असे कळप पूर्वापार आहेत. काही मालक पाहुणे घेतात, आधी फोन करून ठरवावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून फिरवतात, खाली उतरू देत नाहीत. बाबांना आधीच बजावून ठेवा, हात लावायला जातील.