समुद्राच्या पाण्याची टाकी, १७ दिवस झाले तरी अमोनिया उतरेना

नमस्कार मंडळी, गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय, खाऱ्यात पहिल्यांदाच उतरलोय. राहायला रत्नागिरीत, समुद्र दहा मिनिटांवर, मग टाकीच्या पाण्यासाठी समुद्री मिठाची पाकिटं कशाला विकत घ्या असा अतिशहाणपणा केला. ३ फुटी टाकी, साधारण १५० लिटर. भाट्याच्या किनाऱ्याहून मुद्दाम भरतीला पाणी आणलं कारण ओहोटीला काजळी नदीचं गोडं पाणी मिसळतं, तरी हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) कमीच, १.०२१ आलं. वाळू तिथलीच, आणि ओहोटीला उघडे पडतात तसले १०-१२ किलो दगड. प्रवाळाला हात लावलेला नाही, त्याला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो सल्ला नको.

घोळ असा की दगडांना कालवं चिकटलेली होती. म्हटलं बरंच झालं, पाणी गाळतील. चौथ्या दिवशी आई विचारतेय, घरात सुकट कोणी आणली? शिंपला उचकटला तर आत नुसता करडा लगदा!! सुरीने खरवडली जेवढी निघाली तेवढी. त्या दिवशी अमोनिया (कुजण्यातून होतो, माशांना विष) ४ पीपीएम, आज २ वर येऊन अडकलाय, नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते) परवापासून दिसायला लागलं, त्याच्या पुढचं नायट्रेट जेमतेम. वाळूवर तपकिरी थर धरलाय तो वेगळाच.

अर्धं पाणी बदलू का? बॅक्टेरिया जातील ना त्यात? शिवाय दगडातून एक चिमुकला खेकडा निघालाय, रात्री टॉर्च मारली की भेगेत पळतो, त्याचं काय करू? दुकानदाराने दोन क्लाउनफिश राखून ठेवलेत, रोज फोन करतोय.

उत्तर १: मासे दुकानातच राहूदेत. नायट्राइट दिसतंय म्हणजे गाडी अडकलेली नाही, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया आलेत, नायट्राइट खाणारे मागाहून येतात, सगळं मिळून महिना-दीड महिना धरा. बॅक्टेरिया दगड-वाळूला धरून असतात, पाण्यात नाही, तेव्हा ३० टक्के बिनधास्त बदला, फक्त खारटपणा तेवढाच ठेवा. नुसते मासेच ठेवणार तर १.०२१ चालतं. आटलेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचं गोडं पाणी, मीठ काही उडून जात नाही. तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, जाईल आपोआप. आणि एकेक दगड बाहेर काढून हुंगा, अजून मेलेली कालवं राहिली असतील.

धागाकर्ता: हुंगले. पाचव्या दगडाच्या मागे दोन कालवं निघाली, वास विचारू नका. उद्या सकाळच्या भरतीला पाणी आणायला जातोय, खेकडा त्याच फेरीत समुद्रात, त्याच्या घरी.