‘खून करू नको’ की ‘मारू नको’? मूळ हिब्रूत काय आहे?

पुस्तकी_सातारकर:
मराठी बायबलात दहा आज्ञांमध्ये ‘खून करू नको’ आहे. जुन्या किंग जेम्स इंग्रजीत मात्र ‘किल’, म्हणजे सरसकट मारणंच आलं. आणि पुढच्याच अध्यायात देहदंड कुणाकुणाला द्यायचा ते सुरू! ज्यू पंडित याची संगती कशी लावतात? हिब्रू येणारं कुणी आहे का इथे?

ठाणेकर_लोदवासी:
आहे की. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लहानपण ठाण्यात, आता इस्राएलात लोदला. तिकडे मशिदीत (ज्यूंच्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, आम्ही मशीदच म्हणायचो) हिब्रू नुसतं घोकलं, अर्थ इकडे येऊन उमगला.

आज्ञा दोनच शब्दांची: ‘लो तिर्त्साख’. धातू रात्साख. मारण्यासाठी हिब्रूत ‘हाराग’ आणि ‘हेमित’ हेही आहेत. बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये राशबाम नावाचे बायबलचे भाष्यकार होते, नामवंत भाष्यकार राशींच्या मुलीचा मुलगा. त्यांचं म्हणणं, रात्साख म्हणजे अन्यायाने मारणंच. नाबोथाचा जीव घेऊन त्याचा मळा बळकावला, त्यावरून एलिया संदेष्ट्याने अहाब राजाला सुनवायचे शब्द आहेत, ‘खून केलास आणि वर वतनही घेतलंस?’, तिथे हाच धातू. हाराग मात्र दोन्हीकडे चालतो: काइनाने भावाला, हाबेलला, मारलं तिथेही, आणि कायद्याने द्यायच्या शिक्षेतही. ख्रिस्ती पंडितांना त्यांनी हे ऐकवलं आणि ‘त्यांनी कबूल केलं’ असंही लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे लॅटिन बायबलात ही आज्ञा आणि अनुवाद ३२:३९ मधलं देवाचं ‘मी मारतो, मी जिवंत करतो’ या दोन्हींना एकच क्रियापद आहे. हिब्रूत दोन वेगळी.

शब्बाथच्या (शनिवारच्या) प्रवचनात एवढं सांगितलं की लोक खूश होऊन घरी जातात. मी होत नाही. बायबलातल्या गणना पुस्तकाचा ३५ वा अध्याय उघडा. चुकून हातून माणूस मेला म्हणून आश्रयनगरात (सूडापासून संरक्षण देणाऱ्या नगरात) पळणारा, त्यालाही तिथे ‘रोत्सेआख’च, म्हणजे रात्साख करणाराच, म्हटलंय. तो नगराच्या हद्दीबाहेर सापडला आणि मेलेल्याच्या नातलगाने, म्हणजे ‘गोएल हादाम’ने, त्याला मारलं, तर त्या मारण्यालाही रात्साखच. वर त्या नातलगाला रक्ताचा दोष नाही!

पुस्तकी_सातारकर:
मग ‘खून’ हे भाषांतर चुकलंच म्हणायचं?

ठाणेकर_लोदवासी:
आज्ञेपुरतं ठीक आहे, गणनेत गेलात की तोकडं पडतं. त्या नातलगाच्या ओळीवर तालमूदमध्ये (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, चर्चांचा ग्रंथ), मक्कोथ या भागात पान १२ वर, जोरदार वाद आहे. रब्बी योसे हागलिली म्हणतात, मारणं हे त्याचं कर्तव्य. रब्बी अकिवा म्हणतात, नुसती मुभा. सगळं अडलंय ‘वरात्साख’ (शब्दशः ‘आणि मारलं’) या रूपावर. योसेंच्या बाजूने सवाल येतो, ‘जर मारलं’ असं लिहिलंय का? अकिवांच्या बाजूने, ‘त्याने मारावं’ असं तरी लिहिलंय का?

माझं मत अकिवांना. हेच अकिवा आणि रब्बी तार्फोन मिश्नात (तालमूदचा जुना गाभा) सांगतात की आम्ही सान्हेद्रिनमध्ये, म्हणजे ज्यूंच्या वरिष्ठ न्यायसभेत, असतो तर कुणालाही कधी मृत्युदंड झाला नसता. त्यावर रब्बान शिमोन बेन गमलिएलचा टोला: तुमच्यामुळे इस्राएलात खुनी वाढले असते. दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात छापलेल्या आहेत, कुणी खोडल्या नाहीत.

शंकासूर:
एकेका अक्षरावरून एवढं? मला तरी ओढूनताणून वाटतं.

ठाणेकर_लोदवासी:
मग हे ऐकाच. उत्पत्ती २:७ मध्ये देव माणूस घडवतो तिथे ‘वय्यित्सेर’ (‘त्याने घडवलं’) दोन योद (हिब्रू ‘य’) घालून लिहिलंय, २:१९ मध्ये पशू घडवतो तिथे एकच. तालमूदच्या बेराखोथ भागात, पान ६१ वर, यावरून अर्थ काढलाय की माणसाला दोन प्रवृत्ती दिल्या, एक चांगली, एक वाईट. लगेच रव नाखमान बार यित्सखाक उठतात तुमच्यासारखेच: म्हणजे जनावराला वाईट प्रवृत्ती नाही? मग ते चावतं आणि लाथा मारतं ते काय?